मराठवाडा म्हणजे फक्त दुष्काळ?

मराठवाड्यात पहिल्यांदा निघालेला माणूस दुष्काळाचं चित्र मनात घेऊनच निघतो. करपलेलं रान, टँकरच्या रांगा. बातम्यांतून तेच तर दिसत आलंय!

नांदेडहून हिंगोलीकडे जाताना, कळमनुरी तालुक्यातल्या आखाडा बाळापूरच्या परिसरात मात्र हे चित्र अपुरं पडतं. मराठवाड्याच्या या पूर्व भागात पाऊस बीड-धाराशिवपेक्षा जास्त पडतो. पैनगंगेवरच्या इसापूर धरणाच्या कालव्यांचाही आधार आहे. सोयाबीन, तूर, कापूस तर आहेच, पण इथली खरी शान हळद. मे-जूनमध्ये लावलेली हळद साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये काढतात. मग ती शिजवायची, उन्हात वाळवायची, पॉलिश करायची. महिनोन्महिन्यांचं हे कष्टाचं पीक! याच हिंगोली जिल्ह्यातल्या वसमतच्या हळदीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं.

म्हणून इथे पाण्याची चिंताच नाही, असंही समजू नका. कोरडवाहू शेतकरी आजही आभाळाकडेच पाहतो.

इथे यायचंय? आखाडा बाळापूरला रेल्वे नाही. नांदेडपर्यंत रेल्वेनं या, पुढे एसटी धरा. हळदकाढणीच्या दिवसांत आलात, तर शेतकऱ्यांशी दोन शब्द जरूर बोला.