एका दिवसात आयर्लंड: लोण्याचे पैसे कुणाचे?

आम्ही दोघी जावा. थोरलीची लेक डब्लिनला नर्स आहे. तिच्याकडे गेलो होतो, तेव्हा एका रविवारी तिनं आम्हांला बसनं खेडी दाखवायला नेलं. सकाळी सातला निघून रात्री आठला परत. देश एवढासा आहे की पूर्वेच्या समुद्रापासून पश्चिमेच्या समुद्रापर्यंत तीन तासांत जाता येतं.

चालकच माईकवर माहिती सांगायचा आणि लेक ती मराठीत करून द्यायची. बाहेर बघावं तिकडे गवत. आपल्याकडे श्रावणात डोंगर दिसतो ना, तसं, पण बारा महिने. गाई मोकळ्या चरतात, राखायला कुणी नाही. मेंढ्यांच्या पाठीवर निळे-तांबडे पट्टे, कुणाची कुठली ते कळावं म्हणून. जादा गवत कापून, काळ्या प्लॅस्टिकात गुंडाळून मुरवायला ठेवलेलं, हिवाळ्याच्या मुरघासासाठी. आणि ऐका, त्या देशात साप नाही! रानात एकही नाही. धाकटी म्हणाली, मग इथं बाया गवत कापायला किती निवांत बसत असतील. पण कापणारं यंत्र आहे, बाया कुठल्या बसायला!

पहिला मोठा थांबा बनरॅटी. तिथं एक जुना किल्ला आहे, आणि त्याच्याशेजारी जुन्या काळचं अख्खं खेडं उभं केलंय. किल्ला आम्ही वरवरच बघितला. खेड्यात मात्र रमलो. गवतानं शाकारलेली घरं, चुली, आणि एका घरात लोणी काढायचं उभं लाकडी पिंप. आपण रवी फिरवतो, त्या बाया दांडा खाली-वर करायच्या. जुनी रीत अशी की घरात घुसळण चालू असताना कुणी पाहुणा आला, तर त्यानं दांड्याला चार हात लावूनच जायचं. नाहीतर तो लोण्याची बरकत घेऊन गेला, असं मानत. आपल्याकडे दृष्ट लागते, त्यातलाच प्रकार! राहिलेल्या ताकात पीठ आणि सोडा कालवून पाव भाजायचा, तो पाव अजून करतात. आम्ही खाल्ला. आपल्या दशमीपुढे कोरडा वाटला, पण लोणी लावल्यावर गेला.

या लोण्याची गोष्ट लेकीनं सांगितली ती महत्त्वाची आहे. पूर्वी आयर्लंडच्या शेतकरी घरात लोणी आणि अंडी हे बायकांचं काम, आणि त्यातून येणारा पैसा बहुतेक घरांत बायकांच्याच हातात. मीठ, साखर, मुलांचे कपडे त्यातून व्हायचे. मग होरेस प्लंकेट नावाच्या माणसानं शेतकऱ्यांना सहकाराची वाट दाखवली. लिमरिक जिल्ह्यात १८८९ साली पहिली सहकारी क्रीमरी निघाली, म्हणजे आपली दूध डेअरीच म्हणा. दूध यंत्रावर जायला लागलं, लोणी चांगलं झालं, भाव बरा मिळाला. बायकांचे दुखणारे हातही सुटले, हे खरंच. पण डेअरीचा सभासद घरधनी, म्हणून पैसाही त्याच्या हातात गेला. गाई धुणारी, धार काढणारी बाईच राहिली.

पुढं १९१० साली तिथल्या खेड्यांतल्या बायकांनी आपली संघटना काढली. ती आजही चालू आहे. १९६० च्या सुमाराला त्यांनी घरात नळ हवा म्हणून चळवळ केली. पट्टी वाढेल म्हणून शेतकऱ्यांमधून विरोध झाला. विहिरीवरून बादल्या कोण आणत होतं, ते तुम्हांला सांगायला नको.

बस पुढं निघाली तर हमरस्त्याच्या कडेला एक खुरटं काटेरी झाड. त्याखाली पऱ्या जमतात अशी समजूत. १९९९ साली नवा रस्ता होताना एका गोष्टी सांगणाऱ्या माणसानं, एडी लेनिहन त्याचं नाव, ते तोडू नका म्हणून आवाज उठवला आणि झाड वाचलं. आपल्या म्हसोबाच्या झाडाची आठवण झाली.

मोहरचे कडे म्हणजे समुद्रातून सरळ उभी राहिलेली भिंत, सर्वांत उंच जागी २१४ मीटर. फोटो तुम्हांला दाखवूच. वारा असा की पदर आवरता आवरता कडा बघायचा राहतो.

त्यापुढचा बरेनचा भाग आम्हांला जास्त आवडला. मैलोन् मैल राखाडी चुनखडीचा दगड, फटीफटींतून गवत आणि फुलं. इथले शेतकरी उन्हाळ्यात जनावरं खाली ठेवतात आणि ऐन हिवाळ्यात डोंगरावर नेतात. उलटंच की! पण कारण ऐका. दगडात पाणी साठत नाही, त्यामुळे पायाखाली चिखल होत नाही. उन्हाळ्याची ऊब दगड धरून ठेवतो. आणि उन्हाळाभर न चरलेलं गवत तिथं शिल्लक असतं. जनावरांनी ते वाळकं गवत खाल्लं की वसंतात फुलांना उजेड मिळतो.

जिकडे तिकडे दगडांचे गडगे, चुना-माती न लावता नुसते रचलेले. त्यांतले काही दुष्काळातल्या कामांचे आहेत. १८४५ पासून पुढं काही वर्षं बटाट्यावर करपा पडला. गरिबांचं सगळं पोट त्या एकाच पिकावर. सुमारे दहा लाख माणसं मेली, तेवढीच देश सोडून गेली. त्याच वर्षांत धान्य आणि लोणी जहाजांतून इंग्लंडला जातच होतं. मदत म्हणून कलकत्त्याहूनसुद्धा पैसे गेले होते. आयर्लंडच्या बेटावर १८४१ साली ८० लाखांवर माणसं होती, तेवढी आजही भरलेली नाहीत. अंगठाभर पोराला घेऊन खडी फोडायला गेलेल्या आपल्या आज्या आठवल्या, १९७२ च्या दुष्काळातल्या. बसमध्ये कुणी फारसं बोललं नाही.

गॉलवेत चहा झाला आणि परतीचे तीन तास आम्ही दोघींनी वेगळाच हिशेब मांडला. आपल्या गावात डेअरीला दूध घालणाऱ्या बाया किती? मोजता मोजता चाळिसाच्या पुढं गेलो. दुधाचं खातं स्वतःच्या नावावर असलेल्या किती? तीन. त्यातली एक थोरली, तीही गेल्या वर्षापासून.

आल्यावर हा विषय गटाच्या बैठकीत घेतला. बाईच्या नावावर सभासदत्व करायला कोणते कागद लागतात, ते डेअरीच्या सचिवांना लेखी विचारलं आहे. उत्तर आलं की याच कार्यक्रमात वाचून दाखवू.