पहिली बोअर मारण्याआधी

(कार्यकर्त्यांच्या अभ्यास-शिबिरातील भाषणाचे शब्दांकन)



मला दिलेला विषय ‘खाणी आणि स्त्रिया’ असा आहे. तो मी थोडा अलीकडे ओढून घेणार आहे. विस्थापन, धूळ, ट्रक, दारूची दुकानं यांवर आपण आधीच्या शिबिरांतून पुष्कळ बोललो. आज बोलायचंय ते खाण सुरू होण्याच्या कितीतरी आधीच्या कामाबद्दल. जमिनीखाली खनिज आहे का, किती खोल आहे, कसल्या प्रतीचं आहे, हे पाहायला सरकारी जंगलात यंत्राने भोकं पाडतात. कायद्याच्या भाषेत ते पूर्वेक्षण. कामावरची माणसं त्याला ड्रिलिंग म्हणतात आणि गावातले लोक ‘बोअर मारणं’. या टप्प्यावर जंगलाचं काय होईल याची तपासणी कुणी करायची आणि गावाला कुणी विचारायचं, हा प्रश्न आपल्या मागणीपत्रांत मला दिसत नाही. तो असायला हवा असं मला वाटतं. का वाटतं ते सांगते.

मी भूगर्भशास्त्र शिकले. चळवळीत येण्याआधी पूर्व विदर्भात अशा कामावर दोन हंगाम नोकरी केली. १९५२ च्या खाण कायद्याने बायकांना जमिनीखालच्या खाणीत काम करायला बंदी घातली होती. तांत्रिक आणि देखरेखीच्या कामापुरती ती २०१९ मध्ये सैल केली. ड्रिलिंग जमिनीवरून चालतं, म्हणून माझ्यासारखीचा शिरकाव झाला. पंधरा पुरुष आणि मी. असो, तो वेगळ्या भाषणाचा विषय आहे.

हे यंत्र कसं चालतं ते आधी समजून घेऊ. पोलादी नळ्या एकीला एक जोडत खाली सोडतात. टोकाच्या कडीत बारीक हिरे बसवलेले असतात. कडी फिरते, खडक कापते, आणि नळीच्या पोटात खडकाचा गोल दांडा राहतो. तो वर काढून लांब पेट्यांत ओळीने मांडायचा. त्याला ‘कोअर’ म्हणतात. किती मीटरवर कुठला खडक, कुठे भेगा, कुठे लोह, ही नोंद लिहिण्याचं काम माझं. भोक जेमतेम तळहाताच्या रुंदीचं असतं, त्यामुळे ऐकणाऱ्याला वाटतं, यात काय मोठंसं! पण कडी तापू नये आणि कापलेला चुरा वर यावा म्हणून नळीतून सारखं पाणी सोडावं लागतं, दिवसाला काही हजार लिटर. ते जवळच्या नाल्यातून नाहीतर झऱ्यातून येतं. भोक ढासळू नये म्हणून त्यात बेंटोनाइटची माती किंवा एखादं रसायन मिसळतात. वर येणारा करडा गाळ शेजारी खड्डा खणून त्यात सोडायचा. शिवाय डिझेलची पिंपं, मजुरांचे तंबू, यंत्र डोंगरावर चढवायला वाट. आणि हे सगळं पावसाळा सरल्यापासून पुन्हा पाऊस पडेपर्यंत. म्हणजे मोहफुलं पडतात त्या मार्च-एप्रिलमध्ये आणि तेंदूपानाच्या मे महिन्यात यंत्र ऐन जोरात असतं. झऱ्याला सगळ्यांत कमी पाणी असतं तेही याच दिवसांत.

खडकात मोठी भेग लागली की सोडलेलं पाणी वर येत नाही. ड्रिलर म्हणतो, ‘पाणी गेलं.’ मी वहीत लिहायची, अमुक मीटरवर पाणी गेलं. ज्या भेगेत ते गेलं तिच्यातूनच खालच्या गावाचा झरा वाहत असू शकतो. काम संपलं की भोक सिमेंटने नीट बुजवायचं असतं. नाही बुजवलं तर वरच्या थरातल्या पाण्याला खालच्या थरात उतरायला कायमची वाट मिळते. म्हणजे त्या डोंगराच्या पोटातल्या पाण्याची सगळ्यांत नेमकी माहिती आमच्या वह्यांत होती. वह्या शहरातल्या कचेरीत गेल्या. झऱ्यावर पाणी भरणाऱ्या बायकांपर्यंत त्यातलं एक अक्षर पोचलं नाही.

एकदा एक आजी मोहाची टोपली घेऊन यंत्रापाशी येऊन थांबल्या. मला विचारलं, “पाणी लागलं का, बाई?” त्यांना वाटलं होतं, हापसी बसणार. मी म्हटलं, आजी, ही पाण्याची बोअर नाही, लोखंडाचा दगड बघतोय. त्या म्हणाल्या, “दगड तर वरच दिसतो.” खरंच होतं ते, डोंगरमाथ्यावर लोहखनिज उघडंच पडलेलं होतं. मी म्हटलं, किती आहे ते मोजायचंय. त्या बराच वेळ यंत्राकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “आणि मोजून झाल्यावर?”

आजींच्या या प्रश्नाला आपले कायदे काय उत्तर देतात ते बघू. थोडी किचकट माहिती आहे, पण ती आपल्याला यायलाच हवी. सभेत समोरचा साहेब कलमं फेकतो तेव्हा आपण गप्प बसतो.

खाणीला आधी पर्यावरण मंजुरी लागते, ती १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेखाली. त्या अधिसूचनेत पूर्वेक्षणाला मंजुरीतून सूट होती, पण कंसात एक अट होती, की त्यात ड्रिलिंग नसावं. १ डिसेंबर २००९ ला दुरुस्ती झाली. कंस गेला. आता नुसतं ‘खनिज पूर्वेक्षणाला सूट’ एवढंच उरलं. एका कंसाची ही गोष्ट कुठल्या वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर आल्याचं मला आठवत नाही.

दुसरा कायदा १९८० चा, वनसंवर्धनाचा. जंगलाची जमीन जंगलाशिवाय दुसऱ्या कामाला वापरायची तर केंद्र सरकारची आधी परवानगी हवी, हे त्याचं सूत्र. त्याखालच्या जुन्या मार्गदर्शक सूचनांत १०० चौरस किलोमीटरमागे १० भोकं, तीही चार इंचांपर्यंत रुंद आणि झाड न तोडता, एवढी मोकळीक होती. त्यापुढे परवानगी. नंतर भोकांचा आकडा वाढवला. आणि २०२३ च्या दुरुस्तीने, जी १ डिसेंबर २०२३ पासून अमलात आली, सर्वेक्षण, पूर्वेक्षण, समन्वेषण हे सगळं ‘वनेतर काम’ मानायचंच नाही असं ठरवलं. केंद्र सरकार घालील त्या अटी पाळायच्या, बस्स.

‘झाड न तोडता’ या शब्दांवर जरा थांबू या. त्या जुन्या सूचनांत झुडपं साफ करणं आणि फांद्या छाटणं हे झाडतोडीत धरलेलं नाही. आता इथे तेंदू तोडणाऱ्या बाया बसल्या आहेत. तेंदूचं पान आपण कशावरून तोडतो? मोठ्या झाडावरून की झुडपावरून? विडीला चालणारं कोवळं पान झुडपाच्या नव्या फुटव्याला येतं. म्हणजे ज्याच्यावर घरातल्या बाईची उन्हाळ्याची रोख कमाई उभी आहे, ते कागदावर ‘झुडूप’ आहे, आणि झुडूप गेलं तर काही गेलंच नाही. मोहाखालची झाडून ठेवलेली जागा, कंदमुळांची जागा, कुड्याची फुलं, ही तर कुठल्याच रकान्यात येत नाहीत. ज्याने हे रकाने आखले त्याने टोपली घेऊन जंगलात कधी पाऊल टाकलेलं नसणार.

आणि भीती कुठल्या रकान्यात लिहायची? पहाटे तीन-चारला उठून मोह वेचायला एकटीदुकटी जाणारी बाई, वाटेत बाहेरच्या पुरुषांचा तंबू पडला की जायची बंद होते. मी स्वतः त्या तंबूत राहिलेली आहे. आमची पोरं वाईट नव्हती, घरदार सोडून आलेली कंत्राटी मजूर होती. पण गावातल्या बाईला ते कसं कळावं? ती वाट बदलते, नाहीतर ते झाड सोडून देते. हंगामातलं तिचं किती बुडालं याची मोजदाद होत नाही.

आता यावर नेहमीचं उत्तर असतं: अहो, ही नुसती चाचणी आहे, खाण यायची तेव्हा रीतसर तपासणी होईल, जनसुनावणी होईल, तेव्हा बोला. दिसायला रास्त आहे. पण २०१५ पासून खाणींचे लिलाव होतात, आणि त्यात ‘संयुक्त अनुज्ञप्ती’ नावाचा प्रकार आहे. जो बोली जिंकतो तोच ड्रिलिंग करतो, आणि खनिज सापडलं की खाणपट्ट्यावरही हक्क त्याचाच. ‘सर्वेक्षणाची परवानगी दिली म्हणजे जमीन देण्याचं वचन दिलं असं नाही,’ हे वाक्य वनखात्याच्या जुन्या सूचनांत होतं. पण ज्याने लिलावात बोली लावून ड्रिलिंगवर पैसा ओतला, तो ते वाक्य वाचून घरी जाईल का? भोकांची जाळी दाट होत जाते तसा नकार महाग होत जातो.

आणि ती जनसुनावणी तरी कशी असते? अहवाल कंपनीनेच पैसे देऊन तयार करून घ्यायचा. सूचना तीस दिवसांची. किती माणसं हजर असावीत याला गणसंख्येची अटच नाही. बाया असाव्यात असं तर कुठेच लिहिलेलं नाही. एटापल्ली तालुक्यातल्या सुरजागडचा ३४८.०९ हेक्टरचा लोहखनिजाचा पट्टा २००७ मध्ये, वनहक्क कायदा अमलात येण्याआधीच दिला गेला होता. त्या खाणीच्या विस्ताराची सुनावणी २०२२ मध्ये झाली ती गडचिरोलीला, जिल्ह्याच्या गावी. आतल्या गावातली लेकुरवाळी बाई तिथे कशी पोचणार? त्यातून सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्राने आणखी एक आदेश काढला. अणुखनिजं आणि ‘अतिमहत्त्वाची’ म्हणून जाहीर केलेली खनिजं यांच्या खाणींना जनसुनावणीतूनच वगळलं. ‘पुढे बोला’ म्हणतात, तर ते पुढेही आता सगळ्यांना नाही.

याच्यासमोर २००६ चा वनहक्क कायदा ठेवून बघा. २०१२ च्या सुधारित नियमांप्रमाणे ग्रामसभेला निम्मी उपस्थिती हवी, आणि हजर असलेल्यांत एक-तृतीयांश बाया हव्यात. त्याशिवाय सभा पुरी होत नाही. कलम ५ म्हणतं, की जंगल, वन्यप्राणी, जैवविविधता यांना बाधा आणणारं काम थांबवण्याचा ग्रामसभेचा निर्णय पाळला जाईल हे बघण्याचा अधिकार ग्रामसभेला आहे. त्यात ‘खाण’ असा शब्द नाही, ‘कुठलंही काम’ असं आहे. मग ड्रिलिंग त्यात का येऊ नये? वकिलांमध्ये यावर वाद होतील, होऊ देत. १९९६ च्या पेसा कायद्यात मात्र एक फट आहे, ती ध्यानात ठेवा. पूर्वेक्षणाला ग्रामसभेची शिफारस आधी हवी हे त्यात आहे, पण गौण खनिजांपुरतंच. वाळू-मुरमाला विचारायचं आणि लोखंड-बॉक्साइटला नाही!

ओडिशातल्या नियमगिरीचं उदाहरण आपण नेहमी देतो. सर्वोच्च न्यायालयाने १८ एप्रिल २०१३ ला ग्रामसभांना विचारा म्हणून सांगितलं, आणि बाराच्या बारा ग्रामसभांनी बॉक्साइटच्या खाणीला नकार दिला. डोंगरिया कोंध बाया त्यात किती ठामपणे बोलल्या! त्याचा अभिमान आहेच. पण क्रम बघा. डोंगराच्या पोटात काय आहे ते मोजून झालं होतं, करार झाले होते, पायथ्याशी लांजीगडला कारखानाही उभा होता, आणि मग विचारलं. एवढं सगळं उभं असताना ‘नाही’ म्हणायला जी ताकद लागली, ती प्रत्येक गावाकडे असेल असं मी धरून चालणार नाही.

मला कुणी विचारतं, तू स्वतः ड्रिलिंग केलेली, मग आता विरोध कसा? मी ड्रिलिंगच्या विरोधात नाही. एका भोकाने जंगल मरत नाही. नीट बुजवलं, गाळ नीट साठवला तर पाच-सात पावसाळ्यांत जागा ओळखू येत नाही. खडकाखाली काय आहे हे कळणं चांगलंच आहे, गावालाही ते कळायला हवं. माझं म्हणणं इतकंच, की पहिली बोअर मारण्याआधी ग्रामसभेत जागा, महिना, पाण्याचा स्रोत आणि तंबूची जागा ठरावी, आणि ती ठरवताना बाया बोलाव्यात. महाराष्ट्रात ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची तरतूद आहे. बहुतेक ठिकाणी ती सह्यांपुरती होते. तीच सभा या कामाला वापरू.

त्या सभेत कागद आपला हवा. कुठला झरा कोणत्या महिन्यापर्यंत वाहतो, मोहाची झाडं कुणाकुणाची, तेंदूची झुडपं कुठल्या उतारावर, कुठली वाट बायांची, हे यंत्र यायच्या आधी लिहून, तारीख टाकून, ठरावाला जोडून ठेवायचं. झऱ्याचं पाणी घागरीने मोजता येतं: एक घागर भरायला किती वेळ लागतो, ते दर पंधरवड्याला वहीत टाका. नंतर झरा आटला तर ‘आधीपासूनच कमी होता’ हे ऐकून घ्यावं लागणार नाही. आणि ड्रिलिंग झालंच तर त्यांच्या वहीतली पाण्याची पानं मागायची. खनिजाचे आकडे गुपित म्हणतील, म्हणू देत. पाणी कुठल्या खोलीवर लागलं आणि कुठे गेलं, भोकं कशाने बुजवली, यात कसलं आलंय गुपित? माहिती अधिकाराचा अर्ज कसा लिहायचा ते दुपारी करून बघू.

जेवणानंतर तालुकावार गटांत बसायचंय. कोरची आणि एटापल्लीच्या बायांनी खिडकीजवळ बसावं, तिथे उजेड चांगला आहे. नकाशे मी आणले आहेत. त्यांच्यावर झरे कमीच दाखवलेले असतात, म्हणून रंगीत पेन्सिलीही आणल्या आहेत.