वीजदर आणि ग्राहकाचा आवाज



सातारा आणि सांगली या जिल्ह्यांना वीज परकी नाही. पाटण तालुक्यात कोयनेचे पाणी अडले, त्यासाठी अनेक गावांनी घरेदारे सोडली आणि त्या पाण्यावर १,९६० मेगावॉट क्षमतेचा प्रकल्प उभा राहिला. वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्या फिरतात. त्याग येथला, घरगुती विजेचा दर मात्र मुंबईत ठरतो.

लोकांना न विचारता घेतलेले निर्णय किती महाग पडतात, याचा धडा दाभोळने दिला. एन्रॉनच्या कंपनीशी १९९३ मध्ये स्पर्धात्मक निविदेविना करार झाला. २००१ मध्ये वीज मंडळाने तो मोडीत काढला. दरम्यान १९९९ मध्ये महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग स्थापन झाला होता. पुढे २००३ च्या विद्युत कायद्याने, दराचा आदेश देण्यापूर्वी जनतेच्या सूचना व हरकती विचारात घेण्याचे बंधन आयोगांवर घातले. हा उपकार नव्हे, ग्राहकाचा हक्क आहे.

या हक्काची कसोटी २०२५ मध्ये लागली. २८ मार्चला आयोगाने दरकपातीचा आदेश दिला. महावितरणने फेरविचार मागितला, काही दिवसांतच आदेशाला स्थगिती मिळाली आणि २५ जूनला सुधारित आदेश निघाला. फेरविचारापूर्वी जाहीर सुनावणी झाली नाही, असा आक्षेप ग्राहक व उद्योगांच्या प्रतिनिधींनी घेतला. प्रश्न केवळ काही पैशांचा नाही. ज्याच्यासमोर दर कमी झाला, त्याच्या अपरोक्ष तो बदलावा काय?

महावितरणला वाजवी खर्च मिळालाच पाहिजे. अन्यथा तारा आणि रोहित्रे कोण सांभाळणार? परंतु गळती, चोरी आणि ढिसाळ कारभार यांचा भार नियमित बिल भरणाऱ्या गृहिणीवर टाकणे हा न्याय नव्हे. खर्चाची ही छाननी हेच आयोगाचे खरे काम.

मात्र आयोगासमोर कंपनीचे वकील, लेखापाल आणि शेकडो पानांची याचिका असते. जत किंवा माणच्या ग्राहकाला सुनावणीसाठी पुणे गाठणेही जड जाते. म्हणून संघटन हवे. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायतीचे कार्य आरंभिले, ते याच जाणिवेतून.

बिलावरील स्थिर आकार, वहन आकार, वीज आकार आणि वीज शुल्क प्रत्येक कुटुंबाने समजून घ्यावे. दरवाढीची जाहीर सूचना निघताच तालुक्या-तालुक्यातून लेखी हरकती जाव्यात. कायद्याने दार उघडले आहे. त्यातून आत जाण्याचे कर्तव्य ग्राहकाचे आहे.