पोस्टडॉकची दोन वर्षे
(मंडळाच्या गणेशोत्सवातील व्याख्यान)

आपल्यात बँकेतले, रेल्वेतले, कारखान्यातले असे सगळे आहेत, म्हणून सूत्रे घरीच ठेवून आलो आहे.

पीएचडी झालेल्या मुलांच्या आईवडिलांना एक प्रश्न हमखास येतो, "अजून शिकतोच आहे का?" पोस्टडॉक म्हणजे शिक्षण नव्हे, ती पगारी, पण मुदतीची नोकरी आहे. अमेरिकेतील लॉस अलामॉस राष्ट्रीय प्रयोगशाळेचे उदाहरण घेऊ. १९४३ साली अणुबॉम्बसाठी उभारलेली ही संस्था आज भौतिकी, रसायन, हवामान, संगणन अशा अनेक विषयांत पोस्टडॉक नेमते. नेमणूक साधारण दोन वर्षांची, तिसरे मिळू शकते. ओपेनहायमर यांच्या नावाची फेलोशिप तीन वर्षांची. शस्त्रांशी निगडित जागा अमेरिकी नागरिकांनाच मिळतात. इतर बऱ्याच जागा आपल्या मुलांना खुल्या असतात.

खरा जाच मुदतीचा. पहिले वर्ष विषयात शिरण्यात जाते आणि दुसऱ्यात पुढच्या जागेची शोधाशोध सुरू होते.

मिचेल फायगेनबॉम यांचेच पाहा. १९७० साली पीएचडी, मग दोन-दोन वर्षांच्या दोन तात्पुरत्या जागा. नावावर शोधनिबंध जेमतेम. आजच्या निवड समितीने अर्ज बाजूला ठेवला असता, असे माझे मत. तरीही १९७४ मध्ये लॉस अलामॉसने त्यांना नोकरीत घेतले. तिथे त्या काळचे बडे संगणक होते. हे मात्र १९७५ मध्ये एचपी-६५ हा हातातला कॅल्क्युलेटर घेऊन बसले. एका साध्या समीकरणात आलेले उत्तर पुन्हा पुन्हा घालत गेले, की एकाची दोन, दोनाची चार, चाराची आठ उत्तरे होतात. कॅल्क्युलेटर इतका संथ, की पुढची दुप्पट कुठे होईल याचा अंदाज आधी आपणच बांधावा लागे. त्या रिकाम्या वेळात त्यांना दिसले, की दुपटींमधली अंतरे सुमारे ४.६६९ पटीने आखडत जातात. अगदी वेगळ्या समीकरणातही तोच आकडा! निबंध छापून आला १९७८ मध्ये.

म्हणून अर्ज करणाऱ्यांना सांगतो, संगणक किती मोठा हे नंतर विचारा. ज्यांच्या हाताखाली काम करायचे ते विचार करायला सवड देतात का, हे आधी त्यांच्या जुन्या पोस्टडॉकना विचारा. तिथल्या डायरेक्टर्स फेलोशिपसाठी आतल्या शास्त्रज्ञानेच तुमचे नाव सुचवावे लागते. तेव्हा जाहिरातीची वाट न पाहता त्यांचे निबंध वाचून थेट पत्र लिहा. पीएचडीला पाच वर्षे होण्याआधी हालचाल करा. आणि लग्न ठरत असेल तर जे-१ व्हिसाचे नियम दोघांनी मिळून वाचा. जोडीदाराला काम करता येते, पण परवानगीसाठी वेगळा अर्ज लागतो. शिवाय काहींना नंतर दोन वर्षे मायदेशी राहण्याची अट असते.

आरतीला पंधरा मिनिटे आहेत. व्हिसाचे प्रश्न आधी घेऊ.