पडद्याची दोरी कुणाच्या हाती?

नवीन घर घेतलेल्या कुणालाही विचारा, पडदे कसे निवडले? बहुतेक वेळा उत्तर येतं, 'सोफ्याला मॅच होतील असे घेतले.' भिंतीचा रंग पाहिला जातो, सोफ्याचं कापड पाहिलं जातं, उशांच्या अभ्र्यांवरची नक्षीसुद्धा पाहिली जाते. पण खिडकी कोणत्या दिशेला आहे, तिच्यातून ऊन केव्हा येतं, समोरून कुणाची नजर आत येते आणि त्या खोलीत दिवसभर कोण असतं, हे चार प्रश्न सहसा विचारलेच जात नाहीत. दुकानदार नमुन्यांची जाडजूड पुस्तकं समोर टाकतो आणि आपण लग्नाचा बस्ता बांधायला बसल्यासारखी पानं उलटत राहतो. आज मला या चार प्रश्नांविषयीच बोलायचं आहे.

कापडी पडद्याच्या जोडीला आता घरोघरी ब्लाइंड आले आहेत. पूर्वी ते साहेबाच्या केबिनमध्ये दिसत, आता दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्येही दिसतात. गुंडाळत वर जातो तो रोलर. घड्या पडत वर जातो तो रोमन. आडव्या पट्ट्यांचा व्हेनेशियन आणि उभ्या पट्ट्यांचा व्हर्टिकल. नावं परदेशी असली तरी गोष्ट आपल्याला नवी नाही. बांबूच्या कामट्यांचे चिक आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या आहेत. विदर्भात उन्हाळा आला की दारं-खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या लागत आणि त्यांच्यावर पाणी मारलं जाई. कोकणात पावसाची झड अडवायला पडवीला झावळ्यांचे झाप बांधत. गोव्यातल्या जुन्या घरांच्या खिडक्यांना काचेऐवजी पातळ शिंपले बसवलेले आजही पाहायला मिळतात. त्यांतून दुधाळ उजेड येतो, ऊन मात्र डोळ्यांवर येत नाही.

मी शब्दांत रमणारा माणूस, म्हणून एक गंमत सांगतो. आडव्या पट्ट्यांच्या पडद्याला इंग्रजांनी व्हेनिस शहराचं नाव दिलं. फ्रेंच लोक पट्ट्यांच्या झडपांना 'पर्सिएन' म्हणतात, म्हणजे इराणी. आणि जर्मन भाषेत अशाच पडद्याला 'जालुझी' म्हणतात. हा शब्द तिथे फ्रेंचमधून गेला आणि त्याचा मूळ अर्थ मत्सर! आपलं माणूस दुसऱ्याच्या नजरेला पडू नये, पण आतून बाहेरचं सगळं दिसावं, या इच्छेतून ते नाव आलं. आपला 'पडदा' शब्दही फारसीतून आलेला. त्याचे दोन अर्थ आपण सगळेच जाणतो. एक खिडकीवर टांगायचा आणि दुसरा बाईमाणसाने पाळायचा.

माझ्या लहानपणी आमच्या ओसरीला चिक असे. दुपारी आई त्याच्या आड बसून तांदूळ निवडायची. तिला रस्ता दिसे, पण रस्त्याला ती दिसत नसे. दिवेलागणीला मात्र ती उठून आतल्या खोलीत जाई किंवा चिकाच्या आतून चादर सोडी. ती असं का करते, याचं उत्तर साध्या विज्ञानात आहे. जाळीतून किंवा विरळ विणीतून बघताना, जिकडे उजेड जास्त तिकडचं दिसतं. दिवसा बाहेर उजेड जास्त असतो, म्हणून आतल्याला बाहेरचं दिसतं. संध्याकाळी घरात दिवा लागला की सगळं उलटं होतं. जयपूरचा हवामहल १७९९ मध्ये बांधला गेला. त्याला ९५३ खिडक्या आहेत. राजघराण्यातल्या स्त्रियांनी रस्त्यावरच्या मिरवणुका पाहाव्यात आणि कुणाला दिसू नये, यासाठी त्या जाळीदार झरोक्यांची योजना होती. तिथेही हाच नियम चालतो.

आजच्या घरात हा नियम फार उपयोगाचा आहे. पातळ जाळीदार पडदे किंवा सनस्क्रीन नावाने मिळणारे विरळ विणीचे रोलर दिवसा उत्तम. बाहेरचं झाड दिसतं, उजेड येतो, आतलं दिसत नाही. पण रात्री ट्यूबलाइट लावली की हेच पडदे समोरच्या इमारतीला आपल्या घराचा सिनेमा दाखवतात. म्हणून जिथे समोरासमोर इमारती आहेत तिथे दोन थर हवेत, दिवसाचा पातळ आणि रात्रीचा जाड. दोन पडद्यांचा खर्च नको असेल तर आडव्या पट्ट्यांचा ब्लाइंड घ्यावा. पट्ट्या वळवताना एक लक्षात ठेवा. पट्टीची बाहेरची कड खाली आणि खोलीकडची कड वर असावी. मग वरच्या मजल्यावरच्याला आतलं दिसत नाही, खाली रस्त्यावरच्याला दिसलं तर फक्त आपलं छत दिसतं, आणि वरून येणारं ऊनही पट्टीवर आदळून बरंचसं बाहेरच परततं.

आता दिशा. उत्तरेची खिडकी सर्वांत सोशीक. तिच्यातून वर्षभर शांत उजेड येतो, जूनच्या आसपास तेवढं थोडं ऊन डोकावतं. तिला जाड पडदा लावणं म्हणजे घरातला चांगला उजेड विकून विजेचं बिल विकत घेणं. दक्षिणेच्या खिडकीबद्दल उगाच धाक असतो. मे महिन्यात आपल्याकडे दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. पुण्यात मेच्या मध्यास शून्य सावलीचा दिवस येतो, हे आता शाळेतली मुलंही सांगतात. डोक्यावरचं ऊन साध्या छज्जाने अडतं. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कलतो, तेव्हा तेच ऊन आत येतं आणि त्या वेळी ते हवंसंही असतं. पूर्वेचं ऊन कोवळं असताना येतं आणि सरून जातं.

खरी परीक्षा पश्चिमेच्या खिडकीची. दुपारी तीननंतर सूर्य खाली उतरतो, त्यामुळे छज्जाचा उपयोग होत नाही. हवा आधीच तापलेली असते, भिंती तापलेल्या असतात आणि त्यावर हे तिरपं ऊन थेट आत येतं. इथे बहुतेक लोक आतून गडद रंगाचा जाड पडदा लावतात. अंधार होतो, पण खोली थंड होत नाही. कारण ऊन काचेतून आत आलेलंच असतं. ते पडद्याला तापवतं आणि ती उष्णता काचेतून सहजी परत जात नाही, ती खोलीतच फिरते. उन्हात काचा बंद करून ठेवलेली मोटार जशी आतून तापते, तसंच हे. म्हणून पश्चिमेचं ऊन काचेच्या बाहेरच अडवावं. गॅलरी असेल तर गॅलरीच्या कडेला चिक लावावा, जाळी असेल तर तिच्यावर हिरवं शेडनेट बांधावं. ते जमणारं नसेल, तर निदान पडद्याची काचेकडची बाजू पांढरी असू द्या, म्हणजे थोडं ऊन तरी ती परत पाठवेल. गरमीसाठी महाग पडदा लागत नाही. योग्य जागी लावलेला स्वस्त चिक दिमाखदार मखमलीपेक्षा जास्त काम करतो.

आता एकेका खोलीत जाऊ. स्वयंपाकघरात फोडणीचा धूर आणि तेलाची वाफ असते. तिथे कापड चिकट होतं, आणि शेगडीजवळ वाऱ्याने उडणारं कापड धोक्याचं. नायलॉनसारखं कापड पेटलं तर वितळून अंगाला चिकटतं. तिथे पुसता येणारा ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांचा किंवा प्लास्टिकचा थर दिलेला रोलर बरा, तोही शेगडीपासून दूर. खिडकीच्या फक्त खालच्या अर्ध्या भागात आडोसा असला तरी बऱ्याचदा भागतं. वरून वाफ जाते, उजेड येतो. न्हाणीघरात कापड नकोच, ते ओलं राहून त्यावर बुरशी धरते. तिथे धुरकट काच पुरते.

झोपायच्या खोलीसाठी हल्ली ब्लॅकआउट पडद्यांचा आग्रह असतो. रात्रपाळी करून सकाळी झोपणाऱ्याला तो जरूर हवा. त्याची झोप म्हणजे त्याची कमाई आहे. पण सकाळी सहाला उठून शाळा गाठणाऱ्या मुलाला ठार काळोखी खोली देऊ नये. पहाटेचा वाढता उजेड शरीराला जागं व्हायला मदत करतो. तो अडवायचा आणि मग घड्याळाच्या गजराने पोराला दचकवायचं, यात शहाणपण नाही. लिहिण्या-वाचण्याचं टेबल असेल तिथे खिडकी बाजूला यावी. कॉम्प्युटरच्या मागे खिडकी असली की डोळे दिपतात, समोर असली की पडद्यावर तिचं प्रतिबिंब पडतं. टेबल हलवता येत नसेल, तर वळवता येणाऱ्या पट्ट्या कामाला येतात.

दिवाणखान्याच्या मोठ्या सरकत्या दारांना उभ्या पट्ट्या शोभतात, पण वारा आला की त्या एकमेकींवर आपटतात. पश्चिमेचा वारा अंगावर घेणाऱ्या वरच्या मजल्यांवर पावसाळाभर ही कटकट ऐकावी लागते. तिथे साधा कापडी पडदा बरा. आडव्या पट्ट्या दिसायला छान, पण त्यांच्यावर धूळ बसते आणि प्रत्येक पट्टी वेगळी पुसावी लागते. म्हणून आधीच्या चार प्रश्नांत मी पाचवा घालतो. हे पुसणार कोण? दुकानात पसंती देणारा आणि घरी पुसणारी, ही माणसं बहुधा वेगळी असतात.

लहान मूल असलेल्या घरांना एक कळकळीची विनंती आहे. ब्लाइंडच्या लोंबत्या दोरीचा किंवा मण्यांच्या साखळीचा फास लहान मुलाच्या गळ्याभोवती बसू शकतो. मूल ओरडूही शकत नाही, आणि मिनिटा-दोन मिनिटांत होऊ नये ते होतं. अनेक देशांत अशा दुर्घटना झाल्या आहेत. अमेरिकेत २०१८ च्या सुरक्षा-मानकाने दुकानात तयार मिळणारे ब्लाइंड बिनदोरीचे, किंवा दोरी मुलाच्या हाती न लागेल असे असावेत, असं ठरवलं. आपल्याकडे घेताना दुकानदाराला बिनदोरीचा ब्लाइंड मागा. साखळीचाच असेल, तर साखळी ताणून भिंतीला पक्की करणारा तुकडा लावून घ्या. दोरी असेल तर उंचावर गुंडाळून ठेवा. आणि पाळणा, पलंग किंवा स्टूल खिडकीखाली ठेवू नका.

मापाचंही थोडं सांगतो. चौकटीच्या आत ब्लाइंड बसवायचा असेल, तर रुंदी वर, मध्ये आणि खाली अशी तीन ठिकाणी मोजा आणि सर्वांत कमी असेल ती धरा. आपल्या भिंती काटकोनात असतीलच असं नाही. चौकटीबाहेर लावायचा असेल तर दोन्ही बाजूंना तीन-चार इंच जास्त घ्या, नाहीतर कडेने उजेडाची रेघ येत राहते. कापडी पडद्याला खिडकीच्या दीडपट ते दुप्पट रुंदीचं कापड लागतं, तेव्हाच चुण्या भरदार पडतात. चिक पावसात भिजला तर वाळल्याशिवाय गुंडाळू नका.

शेवटी त्या पहिल्या चार प्रश्नांतल्या चौथ्याकडे येतो. त्या खोलीत दिवसभर कोण असतं? आपल्या घरांत सर्वांत भारी पडदा दिवाणखान्यात असतो, जिथे पाहुणा तासभर बसतो. पश्चिमेच्या तापत्या स्वयंपाकघरात जुन्या साडीचा तुकडा असतो, आणि तिथे घरातली बाई पाच-सहा तास उभी असते. आजारी सासऱ्यांच्या खोलीत पडदा असतो, पण त्याची साखळी पलंगापासून दूर, त्यांच्या हाताला न येणारी. त्यांना आकाश पाहायचं असेल तर कुणाला तरी हाक मारावी लागते. दिवसभर अंथरुणावर असलेल्या माणसाला ती एक खिडकी म्हणजे सारं जग असतं. ते उघडायला परवानगी मागावी लागू नये.

माझ्या आईच्या चिकाबद्दल मी आजही विचार करतो. तिला त्याच्या आडोशात सुख होतं, हे मी पाहिलं आहे. भर दुपारी कुणाच्या नजरेचा भार न घेता ती रस्त्याची मजा बघायची. पण चिक किती वर करायचा आणि केव्हा खाली सोडायचा, हे घरातले पुरुष ठरवत. पडदा वाईट नाही. आडोसा ही माणसाची गरज आहे, बाईची आणि पुरुषाचीही. वाईट काय, तर एकाने आडोशात राहायचं आणि दोरी दुसऱ्याने ओढायची.

तेव्हा पडदे घ्यायला निघण्यापूर्वी एक रविवार मोकळा ठेवा. घरातल्या प्रत्येक खोलीत सकाळी, दुपारी आणि दिवे लागल्यावर थोडा वेळ बसा. ऊन कुठवर येतं ते पाहा, रात्री खाली उतरून रस्त्यावरून आपली खिडकी कशी दिसते तेही पाहा. आणि त्या खोलीत ज्याचा दिवस जातो, त्याला विचारा, तुला किती उजेड हवा आहे? उत्तर मिळालं की मग खुशाल सोफ्याचा रंग पाहा.

(नभोवाणीवरील भाषण, संपादित)