कोर्टाची तारीख घरबसल्या



म्हैसूरच्या जिल्हा न्यायालयात तुमचा दावा चालू आहे?
नुसती तारीख विचारायला कोर्टाची पायरी चढू नका.
तारीख मोबाइलवर दिसते. फुकट दिसते.

‘ई-कोर्ट्स सर्व्हिसेस’ हे सरकारी ॲप उघडा.
दाव्याचा 16 अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक टाका.
मागच्या तारखेला काय झालं, पुढची कधी, सगळं समोर येतं.
क्रमांक हरवला?
पक्षकाराच्या नावानंही शोधता येतं.

सर्वोच्च न्यायालयाचे निकालही 2023 पासून ‘ई-एससीआर’ या संकेतस्थळावर मोफत आहेत.
काहींचे मराठी, कन्नड अनुवादसुद्धा आहेत.
निकाल आपल्या भाषेत वाचता येणं, हे मला फार मोलाचं वाटतं.

पुन्हा सांगते.
तारीख पाहायला पैसे लागत नाहीत.
कुणी मागितले, तर देऊ नका.
सही-शिक्क्याची नक्कल हवी असेल, तर मात्र कोर्टात रीतसर अर्ज करा.