पाणबुड्याचा दाखला

एका गांवची शाळा सोडून मूल दुसऱ्या गांवच्या शाळेंत जातें, तेव्हां त्याच्या हातीं एक कागद असतो. नव्या शाळेचे हेडमास्तर तो कागद वाचतात, मुलाला योग्य त्या इयत्तेंत बसवितात, आणि तरीहि दोन-चार दिवसांत त्याला एखादें गणित घालून पाहतात. कागदावर त्यांचा अविश्वास असतो असें नाहीं. पूर्वी काय शिकविलें गेलें तें कागद सांगतो. आज काय येतें तें मात्र मुलालाच विचारावें लागतें. समुद्राच्या पोटांत उतरून श्वास घेत हिंडण्याची जी विद्या आहे, ती शिकणारांवरहि हाच प्रसंग येतो. त्या विद्येचा पुढचा दाखला थोडा एका दुकानांत, थोडा दुसऱ्या दुकानांत असा पुरा कसा करतां येतो, आणि त्यांत जोखीम कोणती, हें ज्या घरांत ही हौस शिरली आहे तेथील वडीलधाऱ्यांनींहि जाणून घ्यावें असें आहे.

ही विद्या तशी अलीकडची आहे. १९४३ सालीं फ्रान्समध्यें झाक कुस्तो हा नौदलाचा अधिकारी आणि एमिल गान्यां हा यंत्रज्ञ या दोघांनीं एक यंत्र सिद्ध केलें. पाठीवरच्या सिलिंडरांतील हवा माणसाच्या श्वासाबरोबर, आणि भोंवतालच्या पाण्याच्या दाबाइतक्याच दाबानें, तें तोंडांत सोडी. आजचा रेग्युलेटर हा त्याचाच वंशज. यंत्र सुटसुटीत झालें तसे हौशी लोक पाण्यांत उतरूं लागले, आणि शिक्षणाला शिस्त लावणें भाग पडलें. १९६६ सालीं अमेरिकेंत ‘पॅडी’ ही संस्था निघाली. भारतांतील पुष्कळ डाइव्ह शॉप्स आज तिचाच अभ्यासक्रम चालवितात. अशी संस्था अभ्यासक्रम आंखते, शिक्षकांना अधिकार देते आणि प्रमाणपत्र काढते; दुकान मात्र ज्याचें त्याचें स्वतंत्र असतें. म्हणूनच एका दुकानांतील शिक्षकाची सही त्याच संस्थेच्या दुसऱ्या दुकानांत चालूं शकते.

मालवण-तारकर्लीस सुटींत जाऊन, शिक्षकाच्या हाताला धरून दहा-वीस मिनिटें मासे पाहून येतात, तें शिक्षण नव्हे. ती ओळख झाली. खरें शिक्षण ‘ओपन वॉटर’ या पहिल्या दाखल्यापासून सुरू होतें. त्यांत समुद्रांतील चार बुड्या घ्याव्या लागतात, आणि तो मिळाल्यावर जोडीदाराबरोबर १८ मीटरपर्यंत जाण्याची मुभा मिळते. त्याच्या पुढचा दाखला ‘अ‍ॅडव्हान्स्ड’. त्याला आणखी पांच बुड्या लागतात. पैकीं खोल पाण्यांतील एक आणि होकायंत्राच्या आधारें दिशा राखण्याची एक, या दोन सक्तीच्या. उरलेल्या तीन विद्यार्थ्यानें आपल्या आवडीच्या निवडाव्या. हा दाखला ३० मीटरपर्यंत नेतो.

येथें हिशेबी माणसाच्या एक गोष्ट लक्षांत येईल. चार आणि पांच मिळून बुड्या झाल्या नऊ. म्हणजे आयुष्यांत केवळ नऊ वेळां समुद्रांत उतरलेला मनुष्य ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ म्हणविला जाऊं शकतो. नांव मोठें, अनुभव लहान. पोहावयास शिकून आठवडा झालेल्या मुलाला कोणी पट्टीचा पोहणारा म्हणत नाहीं. या नांवाला भुलून जो समुद्राशीं सलगी करतो, त्याच्यावर संकट ओढवण्यास वेळ लागत नाहीं.

या पांचहि बुड्यांची नोंद निरनिराळी होते व प्रत्येकीखालीं ती घेणाऱ्या शिक्षकाची सही असते. त्यामुळें त्या एकाच ठिकाणीं, एकाच आठवड्यांत उरकल्या पाहिजेत असें नाहीं. समजा, पुण्याची एक नोकरदार तरुणी आहे. रजा थोडी, आणि खर्चहि एकदम झेपणारा नाहीं. जानेवारींत ती गोव्यास जाते आणि ग्रँड बेटाजवळ बुडालेल्या जहाजाच्या अवशेषांभोंवतीं एक व मासे ओळखण्याची एक अशा दोन बुड्या घेते. एप्रिलांत कर्नाटकांत मुरुडेश्वरासमोरच्या नेत्राणी बेटावर पाण्यांत अधांतरी स्थिर राहण्याची एक आणि दिशा राखण्याची एक घेते. मग पावसाळा लागतो. पश्चिम किनारा खवळतो, होड्या वाळूवर चढतात. उरलेली खोल पाण्याची बुडी ती डिसेंबरांत अंदमानांतील स्वराज द्वीपावर, म्हणजे २०१८ पर्यंत ज्याला हॅवलॉक म्हणत त्या बेटावर, घ्यावयाचें ठरविते. तीन समुद्रकांठ, तीन दुकानें, तीन शिक्षक.

यांत लाभ मोठा आहे. गोव्याचें पाणी पुष्कळदां गढूळ असतें. तेथें जोडीदारावर नजर ठेवण्याची संवय लागते. अंदमानचें पाणी स्वच्छ असतें. तेथें तळ जवळ भासतो आणि खोलीचा अंदाज चुकतो. एका दुकानाचें जॅकेट सैल, दुसऱ्याचें घट्ट. एका ठिकाणीं अंगांत जाड पोषाख, दुसऱ्या ठिकाणीं पातळ. त्याप्रमाणें कमरेचें शिसें कमीजास्त करावें लागतें. भरलेल्या सिलिंडरांतील हवेलाच दोन-अडीच किलो वजन असतें. ती संपत येते तसें शरीर वर उचललें जाऊं लागतें. एकाच दुकानांत शिकलेला विद्यार्थी शिशाचा आंकडा पाठ करतो. तीन ठिकाणीं शिकलेल्याला त्या आंकड्यामागचें कारण समजून घ्यावें लागतें.

परंतु जोखीमहि तेथेंच आहे. एप्रिल ते डिसेंबर हे आठ महिने कागदाला कळत नाहींत. कागदावर चार सह्या आहेत, आणि पांचवी बुडी सर्वांत अवघड आहे. हवेचा दाब पृष्ठभागावर एक धरला, तर १० मीटरवर तो दोन, २० वर तीन आणि ३० वर चार होतो. जी हवा वर एक तास पुरेल, ती तितक्या खालीं पंधरा मिनिटांत संपते. त्या दाबाखालीं नायट्रोजन मेंदूवर अंमल करूं लागतो. मनुष्य किंचित् मद्य घेतल्यासारखा निर्धास्त किंवा मंद होतो, आणि आपण मंद झालों आहोंत हें त्याला स्वतःला उमगत नाहीं. म्हणून पुष्कळ शिक्षक एक साधें कोडें आधीं किनाऱ्यावर सोडवावयास देतात व तसेंच खालीं देऊन लागलेला वेळ ताडून पाहतात. रंगांची पाटीहि दाखवितात. पाणी तांबडा रंग सर्वांत आधीं शोषून घेतें. ३० मीटरवर बोट कापलें तर रक्त हिरवट-काळें दिसतें. आपल्या डोळ्यांवर आणि बुद्धीवर कितपत विसंबावें, हा त्या बुडीचा खरा धडा.

वर येण्याची घाई तर मुळींच चालत नाहीं. दाबाखालीं रक्तांत व शरीरांत मुरलेला नायट्रोजन हळूहळू बाहेर पडावा लागतो. नाहीं तर सोड्याची बाटली फोडल्याप्रमाणें त्याचे बुडबुडे होतात. जे. एस. हॉल्डेन या शास्त्रज्ञानें बकऱ्यांवर प्रयोग करून १९०८ सालीं याचीं कोष्टकें प्रसिद्ध केलीं. आजचीं मनगटावरचीं यंत्रें त्याच विचारावर वाढलीं आहेत. सावकाश वर यावें आणि ५ मीटरवर तीन मिनिटें थांबावें, ही आजची रीत आहे. बुड्या अनेक झाल्या असतील तर विमानांत बसण्यापूर्वी निदान १८ तास जाऊं द्यावे. अंदमानहून परतणारानें तिकीट काढतांनाच हें ध्यानांत ठेवावें.

आतां ती तरुणी स्वराज द्वीपावरील दुकानांत कागद पुढें करते. तेथील शिक्षक म्हणतो, “आधीं एक सोपी बुडी उथळ पाण्यांत घेऊं, खोल पाण्याचें नंतर पाहूं.” त्या जास्तीच्या बुडीचे पैसे पडतात. तिला वाटतें, चार सह्यांना कांहींच किंमत नाहीं काय? दुकानदार आपला खिसा भरूं पाहतो काय? कधीं कधीं तसेंहि असेल. तरीहि ती मागणी रास्त आहे. दुसऱ्यानें पूर्वी केलेल्या सहीच्या भरंवशावर परक्या माणसाला ३० मीटर खालीं नेणारा शिक्षक हा तिच्यावर विश्वास टाकतो असें म्हणतां येणार नाहीं. तो केवळ कष्ट वांचवितो. मास्कमध्यें पाणी शिरलें तर तें काढतां येतें कीं नाहीं, जोडीदाराची हवा संपल्यास त्याला आपली देतां येते कीं नाहीं, हें सहा मीटरवर पाहावें. तीस मीटरवर तें पाहण्यास सवड नसते.

सही करणाराची जबाबदारीहि याहून कमी नाहीं. तो आपल्या दृष्टीआड, दुसऱ्या समुद्रांत, दुसऱ्या माणसाच्या हातीं एक जीव सोंपवीत असतो. विद्यार्थ्याला होकायंत्र धरून सरळ जाऊन परत येतां आलें नाहीं, तर “पुढच्या ठिकाणीं शिकेल” म्हणून नोंद पुरी करणें हें औदार्य नव्हे. आणि विद्यार्थ्यानें? त्यानें आपल्या नोंदवहींत घेतलेल्याच बुड्या लिहाव्या. कान दुखला, हवा लौकर संपली, भीति वाटली, हेंहि लिहावें. प्रत्येक दुकानांत आरोग्याची प्रश्नावली पुन्हां भरावी लागते. दमा, रक्तदाब, कानाचें दुखणें यांपैकीं कांहीं असल्यास बुडी चुकेल या धास्तीनें “नाहीं” लिहिणारा शिक्षकाला फसवीत नाहीं, स्वतःला फसवितो.

व्यवहाराच्याहि दोन गोष्टी आहेत. पहिल्या दुकानांतून निघण्यापूर्वीच झालेल्या बुड्यांचा सहीशिक्क्याचा कागद मागून घ्यावा, आणि अर्धवट राहिलेल्या अभ्यासक्रमाचे पैसे कसे धरले जातात तें स्पष्ट विचारावें. दुसरें असें कीं, सर्व संस्थांची भाषा एक नाहीं. ‘एसएसआय’ या संस्थेंत ‘अ‍ॅडव्हान्स्ड ओपन वॉटर’ या नांवासाठीं चार विशेष विषय आणि चोवीस बुड्या लागतात. तेव्हां एका संस्थेचा अर्धा भाग दुसरीच्या दुकानांत जोडला जाईलच असें धरून चालूं नये. पुढच्या दुकानाला आधीं पत्रानें विचारावें.

अशा रीतीनें वर्षभरानें ती तरुणी पांचवी सही घेऊन पुण्यास परत येते. एका आठवड्यांत पांचहि बुड्या उरकणाऱ्याच्या आणि तिच्या प्रमाणपत्रांत अक्षराचाहि फरक नसतो. फरक असतो तो इतकाच कीं, तीन अनोळखी माणसांनीं तिला तीन वेळां नव्यानें पारखलेलें असतें, आणि तिनें प्रत्येक वेळीं तें मनावर न घेतां करूं दिलेलें असतें. हें ज्याला साधलें त्याला पुढच्या खेपेस नव्या किनाऱ्यावर “एक सोपी बुडी घेऊं या” असें दुसऱ्यानें सांगावें लागत नाहीं. तो आपण होऊनच तसें म्हणतो. प्रमाणपत्र दुकानदार वाचतो. पाण्याला वाचतां येत नाहीं.